इंग्रजीच्या तासाला शाबासकी नेमकी कशाची?

एखादे वर्तन घडल्यावर लगेच असे काही झाले की ते वर्तन पुन्हा घडण्याची शक्यता वाढली, तर त्या घडामोडीला मानसशास्त्रात प्रबलन म्हणतात. प्रबलन झाले की नाही, हे शिक्षकाच्या हेतूवरून ठरत नाही, परिणामावरून ठरते. ‘व्हेरी गुड’ ऐकून एखादी मुलगी पुढच्या तासाला पुन्हा हात वर करू लागली, तर ते प्रबलन. त्याच दोन शब्दांमुळे साऱ्या वर्गाच्या नजरा वळल्या, ती संकोचली आणि पुढे बोलेनाशी झाली, तर कौतुक झाले पण प्रबलन झाले नाही. इंग्रजीच्या वर्गात या फरकाला विशेष महत्त्व आहे. तिथे मुलाला काहीतरी सांगायचे असते आणि ते परक्या भाषेत, ठरलेल्या नियमांनुसार सांगायचे असते. यांपैकी कशाला दाद मिळते, त्यावर मूल पुढे काय करीत राहणार हे अवलंबून असते.

कल्पनेचा उगम

एडवर्ड थॉर्नडाइक याने १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कळ दाबली किंवा दोरी ओढली की दार उघडे आणि बाहेर ठेवलेले खाणे मिळे. मग तीच कृती मांजर दर खेपेला अधिक लवकर करू लागे. यावरून त्याने परिणामाचा नियम मांडला: समाधान देणारी कृती पक्की होते, त्रास देणारी कृती क्षीण होते. नंतरच्या प्रयोगांत त्याने माणसांपुढे स्पॅनिश शब्द ठेवले. पाच पर्यायांतून अर्थ निवडायचा आणि ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असा निकाल ऐकायचा. ‘बरोबर’ म्हटलेले उत्तर पुढच्या फेरीत पुन्हा निवडले जाण्याचे प्रमाण वाढले, पण ‘चूक’ म्हटल्याने चुकीचे उत्तर फारसे मागे पडले नाही. म्हणून १९३० च्या दशकात त्याने आपल्या नियमाचा दुसरा भाग सौम्य केला. नुसते ‘चूक’ म्हणून भाषा सुधारत नाही, हे निरीक्षण इतके जुने आहे.

एलिझाबेथ हर्लॉक यांनी १९२५ मध्ये शाळकरी मुलांचे गट करून गणिताच्या सरावावर प्रयोग केला. एका गटाची रोज स्तुती केली, दुसऱ्याला रोज बोल लावले आणि तिसऱ्याकडे दुर्लक्ष केले. या तिसऱ्या गटाला इतरांची स्तुती आणि निंदा तेवढी ऐकू येई. स्तुती झालेल्या गटाची प्रगती सर्वाधिक झाली. बोल लावलेला गट सुरुवातीला सुधारला आणि मग घसरला. दुर्लक्षित गटाला विशेष लाभ झाला नाही.

बी. एफ. स्किनर याने या विचाराला शिस्तबद्ध रूप दिले. त्याच्या मांडणीत धन प्रबलनात हवेसे काही मिळते, ऋण प्रबलनात नकोसे काही टळते. दोन्हींत वर्तन वाढतेच. शिक्षेने वर्तन दबते, तर प्रबलन मिळणे थांबले की ते हळूहळू विरते. १९५३ मध्ये स्किनर आपल्या मुलीच्या शाळेत गणिताचा तास पाहायला बसला. साऱ्या वर्गाला एकाच गतीने चालावे लागत होते आणि आपले उत्तर बरोबर आहे की नाही हे मुलांना लगेच कळत नव्हते, या दोन उणिवा त्याच्या नजरेत भरल्या. लहान टप्पे, प्रत्येकाची स्वतःची गती आणि तत्काळ निकाल ही तीन तत्त्वे घेऊन त्याने अध्यापन यंत्र तयार केले. आजच्या भाषा शिकवणाऱ्या मोबाइल ॲपचा ढाचा तोच आहे.

भाषा शिक्षणात प्रवेश आणि वाद

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना परक्या भाषा झटपट शिकवण्याची निकड निर्माण झाली. त्या अनुभवातून आणि मिशिगन विद्यापीठातील चार्ल्स फ्राइझ यांच्या कामातून श्रवण-भाषण पद्धती आकाराला आली. भाषा म्हणजे सवयींचा संच, म्हणून योग्य वाक्य पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायचे आणि लगेच दाद द्यायची, हा तिचा गाभा. भारतात याच सुमारास रचनाधिष्ठित पद्धती आली. हैदराबादला १९५८ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतून शिक्षक तयार होऊ लागले. ‘धिस इज अ पेन’, ‘दॅट इज अ डोअर’ असे सांघिक सराव वर्षानुवर्षे चालले ते या विचारातून.

१९५७ मध्ये स्किनरचे भाषाविषयक पुस्तक आले आणि १९५९ मध्ये नोम चॉम्स्की यांनी त्याचे कठोर परीक्षण केले. मूल कधी न ऐकलेली वाक्ये रचते, त्यामुळे अनुकरण आणि बक्षीस एवढ्यावरून भाषेची घडण उलगडत नाही, असा त्यांचा रोख होता. १९७० मध्ये रॉजर ब्राउन आणि कॅमिल हॅनलन यांच्या अभ्यासाने या वादात मोलाची भर घातली. आईवडील लहान मुलांच्या बोलण्याला दाद देतात ती व्याकरणाला नव्हे, बोलण्यातल्या खरेपणाला, असे त्यांना आढळले. मोडक्या वाक्यात खरी गोष्ट सांगितली की मान डोलते. शुद्ध वाक्यात चुकीची गोष्ट सांगितली की दुरुस्ती होते. तरीही मुले शेवटी व्याकरणशुद्ध बोलू लागतात.

यावरून प्रबलनाची मर्यादा कळते आणि त्याचे खरे क्षेत्रही कळते. व्याकरणाचे नियम डोक्यात कसे घडतात, याचे पुरेसे उत्तर प्रबलनाकडे नाही. मूल बोलायला तोंड उघडते का, चुकल्यावर पुन्हा प्रयत्न करते का, पुस्तक हातात घेते का, यांवर मात्र प्रबलनाचा प्रभाव मोठा आहे.

इंग्रजी शिकवण्याच्या बेंगळुरू प्रकल्पात (१९७९–८४) एन. एस. प्रभू यांनी वेगळी दिशा धरली. वेळापत्रक वाचून गाडी शोधणे, नकाशावर वाट दाखवणे अशी कामे मुलांना दिली आणि लक्ष अर्थावर ठेवले. तिथे काम जमणे हीच मिळकत होती, वेगळ्या बक्षिसाची गरज उरत नव्हती.

बी.एड.च्या वर्गातले ‘प्रबलन कौशल्य’

भारतातील शिक्षकांना प्रबलन हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो सूक्ष्म अध्यापनात. ही पद्धत १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाली. भारतात ती बडोदा येथील बी. के. पासी आणि एनसीईआरटी यांच्या कामामुळे रुजली. भारतीय प्रारूपात सहा मिनिटे अध्यापन, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, मग पुन्हा सहा-सहा मिनिटे अध्यापन आणि प्रत्याभरण असे छत्तीस मिनिटांचे चक्र असते. एका सूक्ष्मपाठात एकच कौशल्य, आणि अशा कौशल्यांपैकी एक म्हणजे प्रबलन. निरीक्षक तक्त्यावर खुणा करतो: शाब्दिक दाद, हसणे, मान डोलावणे, विद्यार्थ्याचे उत्तर फळ्यावर लिहिणे, उत्तराचा पुढे उपयोग करणे.

या सरावामुळे शिक्षकाला स्वतःच्या बोलण्याचे भान येते. पण त्यात दोन अडचणी आहेत. तक्त्यावर खुणांची मोजणी होते, त्यामुळे ‘गुड’ किती वेळा म्हटले याला महत्त्व येते. कशाला म्हटले हे मागे राहते. समोर विद्यार्थी म्हणून सहाध्यायीच बसलेले असल्याने त्यांचे वर्तन बदलले का, हे तपासताच येत नाही. दुसरी अडचण संज्ञेची. तक्त्यात ‘नकारात्मक प्रबलन’ या रकान्यात ‘चूक’, ‘नाही’, कपाळाला आठ्या असे घटक येतात. स्किनरच्या व्याख्येने ही शिक्षा झाली. ऋण प्रबलनाचा अर्थ निराळा आहे. या गोंधळात एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते, ती म्हणजे गप्प बसण्यालाही प्रबलन मिळते.

गप्प बसण्याचे प्रबलन

शिक्षक इंग्रजीत प्रश्न विचारतो. मुलगा उभा राहतो, खाली पाहतो, काही बोलत नाही. दोन-चार क्षणांनी शिक्षक ‘सिट डाउन’ म्हणून पुढच्या मुलाकडे वळतो. मुलाची भीती तत्क्षणी संपते. नकोसे टळले, त्यामुळे गप्प राहण्याची सवय बळावली. हेच ऋण प्रबलन. शिक्षकाचेही तसेच होते. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीला विचारले की लगेच उत्तर येते, तास पुढे सरकतो, म्हणून पुढचा प्रश्नही तिच्याकडेच जातो. महिनाभरात वर्गाचे बोलणारे आणि न बोलणारे असे दोन भाग पडतात.

परक्या भाषेच्या वर्गातली भीती ही वेगळी मोजण्याजोगी गोष्ट आहे, हे १९८६ मध्ये इलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवले आणि त्यासाठी ३३ विधानांची मापनश्रेणी तयार केली. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. अनेक मुलांना ही भाषा घरी किंवा गल्लीत ऐकायलाही मिळत नाही. अशा मुलांसाठी इंग्रजीचा तास हीच बोलण्याची एकमेव जागा, आणि तिथला पहिला अनुभव हशाचा असेल तर पुढची वाट बंद होते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. छडी गेल्यावर धाक दुसऱ्या वाटेने येऊ नये, ही जबाबदारी शिक्षकाच्या शब्दांवर येते.

उपाय साधे आहेत. मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांत पाहिले की प्रश्नानंतर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबल्यास उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येतात. परक्या भाषेत शब्द शोधायचे असल्याने हा वेळ आणखी लागतो. आधी शेजाऱ्याशी बोलून मग वर्गात सांगणे, एका शब्दाचे उत्तर स्वीकारणे, मराठीत सांगितलेला अर्थ मान्य करून त्यातला एक शब्द इंग्रजीत मागणे, या टप्प्यांनी वर्तन घडवता येते. स्किनरच्या प्रयोगशाळेतली आकारणाची पद्धत हीच: अपेक्षित वर्तनाच्या जवळ जाणाऱ्या प्रत्येक पावलाला दाद द्यायची आणि अपेक्षा थोडी थोडी वाढवत न्यायची.

चुकीला काय म्हणावे

सहावीच्या वर्गात शिक्षिका विचारतात, ‘व्हॉट डिड यू डू ऑन संडे?’ मुलगा म्हणतो, ‘आय गोएड टू मामाज व्हिलेज.’ वाक्यात क्रियापद चुकले आहे, पण मुलाने भूतकाळाचा नियम लावून पाहिला आहे आणि खरी गोष्ट सांगितली आहे. शिक्षिका ‘राँग, वेंट’ म्हणून पुढे गेल्या, तर चूक कळते पण बोलण्याचे धाडस आटते. ‘व्हेरी गुड, सिट डाउन’ म्हटले, तर धाडस टिकते, मात्र ‘गोएड’ही पक्के होते आणि संभाषण तिथेच थांबते. ‘ओ, यू वेंट टू मामाज व्हिलेज! हाउ डिड यू गो?’ असे विचारले, तर मजकुराला दाद मिळते, योग्य रूप कानावर पडते आणि आणखी एक वाक्य बोलायला जागा होते. मुलगा ‘आय वेंट बाय एसटी’ म्हणाला, तर तीनही गोष्टी साधल्या.

नेडी व्हिजिल आणि जॉन ओलर यांनी १९७६ मध्ये प्रतिसादाचे असे दोन पदर वेगळे केले होते: एक बोलणाऱ्याविषयीचा भाव सांगतो, दुसरा भाषेविषयी माहिती देतो. भाव अनुकूल असेल तर मूल बोलत राहते. माहिती प्रामाणिक असेल तर भाषा सुधारते. भाव आणि माहिती दोन्ही नेहमी गोडच ठेवल्या, तर चुका घट्ट बसतात.

योग्य रूप सहज उच्चारून दाखवण्याच्या या पद्धतीलाही मर्यादा आहे. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी १९९७ मध्ये कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या प्राथमिक वर्गांतील संवाद तपासले. शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी निम्म्याहून अधिक याच प्रकारच्या होत्या, पण त्यांची दखल घेऊन मुलांनी वाक्य सुधारण्याचे प्रमाण सर्वांत कमी होते. ‘यस्टर्डे, आय...’ असे अर्धवट सोडून किंवा ‘कॅन यू से दॅट अगेन?’ असे विचारून मुलालाच दुरुस्ती करायला लावण्याचा उपाय अधिक फळला.

हान्सुन वॉरिंग यांनी २००८ मध्ये इंग्रजीच्या वर्गातील ‘व्हेरी गुड’चे बारकाईने विश्लेषण केले. शिक्षकाने एका उत्तराला ठळक शाबासकी दिली की विषय संपल्याचा संकेत जातो. इतरांच्या शंका आणि निराळी उत्तरे तोंडातच राहतात. कौतुकाने बोलणे वाढावे ही अपेक्षा. चुकीच्या जागी केलेले कौतुक बोलण्याला पूर्णविराम देते.

वहीतला शेरा

वहीवरचा शेरा हे मराठी शाळांतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ प्रबलन. पण पाहणीच्या घाईत तो सही, तारीख आणि ‘गुड’ एवढाच उरतो. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधील पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात काहींना फक्त गुण दिले, काहींना फक्त कामाविषयीचा शेरा आणि काहींना दोन्ही. ज्यांना केवळ शेरा मिळाला त्यांची कामगिरी आणि आवड टिकली किंवा वाढली. गुण आले की शेऱ्याचा लाभ बहुतेक नाहीसा झाला. मुले आकडा पाहून थांबली.

इंग्रजीच्या निबंधाखाली ‘तुझ्या आजीच्या चुलीचे वर्णन डोळ्यांसमोर उभे राहिले, आता भूतकाळाची तीन क्रियापदे तपास’ असा शेरा दोन गोष्टी करतो. काय जमले ते नेमके सांगतो आणि पुढचे पाऊल दाखवतो. दर आठवड्याला साऱ्या वह्यांवर असे लिहिणे शक्य नसते. पण आठवड्याला आठ-दहा वह्या निवडून लिहिले, तरी महिन्या-दीड महिन्यात प्रत्येक मुलाची पाळी येते.

चांदण्या, टोकन आणि बक्षिसे

वस्तुरूप बक्षिसांचा वर्गातला उपयोग १९६० च्या दशकात वाढला. १९६९ मध्ये अमेरिकेतील चौथीच्या एका वर्गात ‘चांगल्या वर्तनाचा खेळ’ करून पाहिला गेला: वर्गाचे दोन संघ, नियम मोडला की खूण, खुणा कमी असलेल्या संघाला छोटी सवलत. गोंधळ लक्षणीय घटला. इंग्रजीच्या वर्गात असे संघ ‘इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नांसाठी’ गुण मिळवू शकतात. त्यामुळे एकट्या मुलावर लक्ष केंद्रित होत नाही. डेव्हिड प्रिमॅक यांचे तत्त्वही शिक्षक नकळत वापरतात: आवडत्या कामाची संधी नावडत्या कामानंतर ठेवायची. दहा शब्दांचे स्पेलिंग झाले की पाच मिनिटे शब्दांची अंताक्षरी.

बक्षिसांवरचा सर्वांत मोठा आक्षेप १९७० च्या दशकात पुढे आला. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये चित्रे काढण्याची आवड असलेली बालवाडीतली मुले निवडली. काहींना चित्राबद्दल प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले, काहींना ते अनपेक्षित दिले, काहींना दिलेच नाही. पुढे मोकळ्या वेळेत, आधी कबूल केलेले बक्षीस मिळालेली मुले इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रे काढताना दिसली. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांची आवड घटली नाही. एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी १९९९ मध्ये १२८ अभ्यास एकत्र तपासले. ठरलेली वस्तुरूप बक्षिसे आतली आवड कमी करतात. शाब्दिक दाद ती वाढवते, मात्र लहान मुलांत हा लाभ मोठ्यांइतका दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्युडी कॅमेरॉन आणि डेव्हिड पिअर्स यांनी १९९४ मध्ये बरोबर उलट सूर लावला होता, आणि हा वाद पुरता मिटलेला नाही. एका मुद्द्यावर मात्र मतभेद कमी आहेत: मुळात कंटाळवाण्या कामासाठी दिलेल्या बक्षिसाने आवडीचे नुकसान होत नाही, कारण तिथे घटण्याजोगी आवडच नसते.

इंग्रजीच्या शिक्षकासाठी याचा अर्थ व्यवहारी आहे. स्पेलिंग किंवा क्रियापदांची रूपे पाठ करण्यासाठी चांदण्या चालतील. गोष्टीचे पुस्तक आवडीने वाचणाऱ्या मुलाला दर पानामागे चांदणी देऊ नये. ॲपमधील गुण आणि सलग दिवसांची मोजणी यांनाही हाच निकष लागतो: दिवस टिकवण्यासाठी मूल सोपाच धडा पुन्हा पुन्हा करू लागले, तर प्रबलन हजेरीचे झाले, भाषेचे नव्हे.

कौतुक मुलाचे की कामाचे

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांना कोडी दिली. सोडवल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटले, काहींना ‘तू चांगली मेहनत घेतलीस’. हुशारीचे कौतुक झालेल्या मुलांनी पुढे सोपी कामे पसंत केली आणि अपयशानंतर त्यांची कामगिरी घसरली. मेहनतीचे कौतुक झालेली मुले अवघड कामाकडे वळली. मराठी घरांत आणि शाळांत ‘याचे इंग्लिश फाडफाड आहे’ आणि ‘याचे इंग्लिश कच्चे आहे’ असे शिक्के सहज मारले जातात. दोन्हींनी एकच घडते: भाषा ही अंगात असण्याची गोष्ट वाटू लागते, शिकण्याची नव्हे.

जेरी ब्रॉफी यांनी १९८१ च्या आढाव्यात दाखवले होते की वर्गातील बरीचशी स्तुती प्रबलनाचे काम करीतच नाही, कारण ती सरसकट, मोघम आणि कधी कधी केवळ मूल खट्टू होऊ नये म्हणून केलेली असते. परिणामकारक स्तुती नेमकी असते, कामगिरीवर अवलंबून असते आणि मुलाच्या आधीच्या कामाशी तुलना करते, शेजारच्याशी नाही. ‘गेल्या आठवड्यात तू तीन वाक्ये बोललीस, आज कारणही सांगितलेस, बिकॉज वापरून’ ही दाद ‘एक्सलंट’पेक्षा लांब आहे, पण पुन्हा काय करायचे हे तिच्यातून कळते.

दाद कधी द्यावी, कधी आवरावी

चार्ल्स फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये प्रबलनाच्या वेगवेगळ्या आराखड्यांचा अभ्यास मांडला. दर वेळी दाद मिळाली तर वर्तन लवकर शिकले जाते. अधूनमधून मिळाली तर ते अधिक काळ टिकते. म्हणून पहिलीतल्या किंवा नवख्या मुलाच्या प्रत्येक इंग्रजी शब्दाची दखल घ्यावी आणि सवय लागल्यावर दाद विरळ करावी. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटही येत नाही, त्यामुळे दाद कुठे खर्ची घालायची हे ठरवणे भागच असते. आज ‘का’ या प्रश्नाचे उत्तर देण्याच्या प्रयत्नाला, उद्या स्वतःची चूक दुरुस्त करण्याला, परवा दुसऱ्याचे ऐकून पुढचा प्रश्न विचारण्याला, असे एकेक वर्तन निवडता येते.

बाहेरची दाद कमी होत जाताना तिची जागा भाषेच्या वापरातल्या फळाने घ्यावी लागते. दुसऱ्या शाळेतील मुलांना लिहिलेल्या पत्राचे उत्तर येणे, क्रिकेटचे समालोचन कळणे, औषधाच्या पाकिटावरची सूचना वाचून आजीला सांगता येणे, ही नैसर्गिक प्रबलने आहेत. शिक्षकाचे काम अशा संधी वर्गात आणण्याचे आणि मुलाला स्वतःचे मूल्यमापन शिकवण्याचे: कालच्या आणि आजच्या परिच्छेदात काय सुधारले, हे त्यानेच अधोरेखित करायचे. उपलब्ध संशोधनाचा एकत्रित कौल असा निघतो. प्रबलनाने मूल बोलते, वाचते, पुन्हा प्रयत्न करते. भाषा येते ती त्या बोलण्या-वाचण्यातून. त्यामुळे पाठांतराला दाद दिली तर वर्गात पाठांतर वाढेल, गप्प बसण्याला सूट दिली तर गप्प बसणे वाढेल, आणि अर्थ सांगण्याच्या धडपडीला दाद दिली तर इंग्रजी वाढण्यास वाव राहील.